पस्तीस कोऱ्या चौकटी

गणिताच्या घड्याळबाईंनी आपला निरीक्षक म्हणून चित्रकलेच्या सरांचं नाव लिहून दिलं, तेव्हा शिक्षकखोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. मग व्यायामाचे सर हळूच म्हणाले, "बाई, ते पाढे म्हणताना सातावर अडखळतात."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि वह्यांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून बसल्या.

त्यांचा हिशेब अगदी स्वच्छ होता. गणित विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ही जागा एकदा भरली की पाच वर्षं हलत नाही आणि बाईंच्या निवृत्तीला चारच वर्षं उरली होती. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. आधीच्या प्रमुखांच्या हाताखाली त्यांनी बारा वर्षं काढली होती. त्यांचे पेपर तपासले, त्यांच्या रजेतले तास घेतले, त्यांच्या निरोपाचं भाषणसुद्धा यांनीच लिहून दिलं. इतकी वर्षं दारात उभं राहिल्यावर आत बोलावणं येईल, ही अपेक्षा काही जगावेगळी नव्हे.

पण शाळेच्या समितीने यंदा नवाच नियम काढला होता. मुलाखत नाही. उमेदवाराने आपले तीन तास एका सहकाऱ्याला वर्गात मागे बसवून दाखवायचे आणि त्याने काय पाहिलं, त्याचे तीन कागद फाइलला लावायचे. निरीक्षक कोण, ते उमेदवारानेच ठरवायचं. आता माणसाला आपलाच परीक्षक निवडायला सांगितलं, तर तो काय करील? जो करतो तेच बाईंनी केलं. ज्याला विषय कळत नाही, तो विषयात खोट काढणार कुठून?

दुसरे उमेदवार गणिताचेच शिबिरसर. हे नाव त्यांना मुलांनी नव्हे, सहकाऱ्यांनी दिलं होतं. कुठे शिक्षक-प्रशिक्षण शिबिर आहे म्हटलं की हे पिशवी भरून तयार. बावीस शिबिरांची बावीस प्रमाणपत्रं त्यांच्याकडे होती आणि शिबिरातून आल्यावर वर्गात पहिला तास ते जोरात शिकवत. दुसऱ्या तासाला पुन्हा मूळपदावर. माणूस मात्र मनाचा निर्मळ. स्वतःच्या डब्यातलं दुसऱ्याला वाढल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्यांनी निरीक्षक निवडला होता व्यायामाच्या सरांना. म्हणजे हिशेब दोघांचाही एकाच शाळेतला होता.

बाईंना घड्याळबाई म्हणत, कारण त्यांचा तास घंटेबरोबर संपायचा. शेवटच्या उदाहरणाचं उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा मारायच्या आणि दुसरी रेघ पुरी होता होता घंटा वाजायची. सव्वीस वर्षं. एकदा घंटा दोन मिनिटं उशिरा झाली, तर शिपायाने येऊन बाईंची माफी मागितली होती म्हणतात. खरंखोटं कोण बघायला गेलंय, पण बाईंनी ती गोष्ट कधी खोडून काढली नव्हती.

चित्रकलेच्या सरांनाही नाव होतं : रेघोट्यासर. वय तिशीच्या आत, बोटं कायम काळी. आपलं नाव सुचवलं गेल्याचं कळल्यावर ते धावत आले.

"बाई, गणिताचं आणि माझं लहानपणीच फाटलंय. मी काय लिहू?"

"जे दिसेल ते लिहा."

"मला नुसतं लिहायलासुद्धा फारसं येत नाही."

"मग काढा," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, काढून काढून काय काढणार? फळा, खडू आणि एक बाई.

पहिला तास सहावीचा. चव्वेचाळीस मुलं, अपूर्णांकांची बेरीज. रेघोट्यासर मागच्या भिंतीला टेकून एका डगमगत्या बाकावर बसले. बाई त्या दिवशी अशा काही शिकवत होत्या की व्यायामाचे सर असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. प्रश्नामागून प्रश्न, उत्तरामागून उत्तर, फळा डावीकडून उजवीकडे भरत गेला, दोन रेघा पडल्या, घंटा झाली.

मधल्या सुट्टीत सरांनी कागद समोर ठेवला. त्यावर वर्गाचा नकाशा होता. प्रत्येक मुलाची एक चौकट, पुढे बाईंचं एक वर्तुळ आणि त्या वर्तुळातून निघालेल्या रेघा. दाराजवळच्या पहिल्या दोन बाकांवर इतक्या रेघा पडल्या होत्या की तिथला कागद पेन्सिलीने चकाकत होता. बाकी वर्ग रिकाम्या चाळीसारखा दिसत होता.

"हे काय?"

"तुम्ही प्रश्न विचारला की ज्याला विचारला त्याच्याकडे रेघ. मला गणित कळत नव्हतं, मग दुसरं बघण्यासारखं तेवढंच होतं."

बाईंनी चष्मा चढवला. मोजण्याच्या कामात त्या कुणावर विश्वास ठेवत नसत. त्यांनी स्वतः मोजलं. एकूण अठ्ठावन्न प्रश्न. त्यातले एकतीस पाच मुलांना. सहा प्रश्न आणखी चौघांना. बाजूला बारा टिंबं काढलेली.

"ही टिंबं कसली?"

"ते प्रश्न तुम्ही विचारले आणि उत्तरही तुम्हीच दिलं."

"आणि हे नऊ गोल?"

"'समजलं का?' असं सगळ्यांना मिळून. त्यावर सगळे मिळून 'हो' म्हणतात."

एकतीस आणि सहा सदतीस, बारा एकोणपन्नास, नऊ अठ्ठावन्न. बेरीज जुळत होती, हेच वाईट होतं. चुकली असती तर कागद परत करता आला असता. बाईंनी कोऱ्या चौकटी मोजल्या. पस्तीस.

"ती पाच मुलं हुशार आहेत, सर. उत्तर येतं त्यालाच विचारणार ना?"

"असेल बाई. पण ती हुशार म्हणून तुम्ही विचारता, की तुम्ही विचारता म्हणून ती हुशार, ते मला कसं कळणार? माझं गणित कच्चं."

हे तो साळसूदपणे बोलला की खोचकपणे, ते बाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. साळसूद माणसाचं हेच वाईट. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

"आणखी एक," सर म्हणाले. "तुम्ही प्रश्न विचारला की मी मान वर करून बघतो, कोण विचार करतंय. तोवर उत्तर येऊन गेलेलं असतं. विचार करताना कुणाचा चेहरा काढायलाच मिळाला नाही."

"तास चाळीस मिनिटांचा असतो, सर. इथे कुणी चित्राला बसत नाही," बाई म्हणाल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. फाइलला नाही, पर्समध्ये.

दुसऱ्या तासाला बाई कंबर कसून आल्या. हातात हजेरीपट. पहिल्या क्रमांकापासून चव्वेचाळीसपर्यंत प्रत्येकाला एकेक प्रश्न, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. उभं राहायचं, उत्तर द्यायचं, नाही आलं तर बसायचं, पुढचा. वर्गात बाकांच्या फळ्या खडाखड वाजत होत्या. तास संपला तोही घंटेवर. बाईंना आतून जरा गुदगुल्याच झाल्या. आता ठेव म्हणावं एक तरी चौकट कोरी.

सरांनी कागद दिला. प्रत्येक चौकटीकडे एक रेघ, एकही कोरी नाही. फणीसारखं चित्र.

"झालं ना समाधान?"

सर मान खाजवत म्हणाले, "रेघ सगळ्यांकडे गेली, बाई. परत सहाच आल्या."

खरंच, चव्वेचाळीस रेघांपैकी फक्त सहांना परतीचा बाण होता. त्यातले पाच दाराजवळचेच. बाकीच्या अडतीस रेघा जाऊन मुलाजवळ संपल्या होत्या.

"ती उभी राहतात आणि बसतात," सर म्हणाले. "एक मुलगी तर तिचा क्रमांक यायच्या आधी तीन जण राहिले असतानाच डोळे मिटून बसली होती. खिडकीजवळची. टोचून घ्यायला रांगेत उभं राहावं तशी."

या वेळी बाईंनी वाद न घालता कागद पर्समध्ये टाकला. त्यांनी विचारलं फक्त एवढंच, "हे तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत?"

"नाही हो. आणि बाई, तुम्ही म्हणाल तर मी फाइलसाठी वेगळं काढून देतो. छान, भरलेलं. व्यायामाच्या सरांनी दोन्ही कागदांवर 'उत्तम' आणि 'अत्युत्तम' लिहिलंय. तिसऱ्यासाठी शब्द शोधतायत."

"बघू," बाई म्हणाल्या. 'नको' म्हणाल्या नाहीत, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं.

बाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे यजमान कवळ्या करत. भिंतीवरच्या फळीवर गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्या माणसांचे जबडे, प्लॅस्टरचे, नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेले. पाहुणे त्या खोलीत फार वेळ हसत नसत. संध्याकाळी बाई तिथल्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि दोन्ही कागद त्यांनी यजमानांपुढे टाकले.

यजमानांनी हातातलं घासकाम थांबवलं नाही. मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "हे तर आपल्या आईसारखं झालं."

सासूबाई आतल्या खोलीत होत्या, पण कान सगळीकडे असायचे. "काय रे माझं?"

"काही नाही, आई. कवळी कशी बसलीये?"

"अगदी झकास. येईल-जाईल त्याला सांगते मी, माझ्या लेकाने केलीये म्हणून."

"आणि जेवताना?"

आतून जरा वेळाने उत्तर आलं. "जेवताना काढून ठेवते."

यजमान हलक्या आवाजात म्हणाले, "बघ. चार वर्षं विचारतोय, चार वर्षं 'झकास' म्हणते. माणसाला 'बसली का' विचारलं की तो 'बसली' म्हणतो. एक तर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, नाही तर खुर्चीतून लवकर सुटावं म्हणून. तू 'समजलं का' विचारतेस ना, तेच ते."

"मग तुम्ही गिऱ्हाइकाला विचारतच नाही की काय?"

"विचारतो, पण ऐकत नाही." त्यांनी खणातून निळ्या पातळ कागदाची पट्टी काढली. "ही चावायला देतो. कुठे जास्त दाब पडतोय तिथे निळा डाग उठतो. तोंड खोटं बोलेल, डाग नाही बोलत."

"तुम्ही आईंना कधी चावायला दिलीत?"

यजमान बराच वेळ घासत राहिले. "आईला कोण देणार?" ते म्हणाले. "झकास म्हणते ना, ते ऐकायला बरं वाटतं."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं खरं क्वचितच बोलला होता आणि बोलला तोही जबड्याकडे बघत.

तिसऱ्या तासाला बाईंनी फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. आणि म्हणाल्या, "प्रत्येकाने उत्तर लिहायचं. कसं काढलंत तेही लिहायचं. खोडायचं नाही. चुकलं तरी चालेल. मी कुणाला उभं करणार नाही."

वर्गाने एकमेकांकडे बघितलं. खोडरबर न वापरण्याची सवय कुणालाच नव्हती. मग पेन्सिली चालू लागल्या आणि बाई बाकांमधून निघाल्या. तिसऱ्या बाकाच्या पलीकडे त्या परीक्षेखेरीज गेल्याला किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक. मागे भिंतीवर एक मोठा पोपडा होता. वर्ग याच खोलीत भरत होता आणि तो पोपडा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

वह्यांवर मात्र त्यांना जे दिसलं, ते पोपड्यापेक्षा मोठं होतं. दोन छेद पाच, म्हणजे पाचात दोन. पाचात दोन. पुन्हा पाचात दोन. वर वर मिळवलेलं, खाली खाली मिळवलेलं. त्यांनी मनात मोजलं : एकोणीस मुलं. हीच मुलं पहिल्या तासाला 'समजलं का?' वर 'हो' म्हणून ओरडली होती. निळे डाग, एकोणीस ठिकाणी.

खिडकीजवळच्या मुलीच्या वहीवरही तेच होतं, पण तिने बाजूला काहीतरी बारीक लिहून हाताने झाकलं होतं. बाई तिथे थांबल्या.

"हे कसं काढलंस, सांगशील? उभं नको राहू."

मुलगी काही बोलेना. बाईंच्या जिभेवर 'बरं, दुसरं कोण' असं आलेलं होतं. सव्वीस वर्षांची जीभ ती. त्यांनी ती दातांखाली धरली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली ओढत नेत होतं. दाराजवळच्या पाच जणांचे हात वर झाले, बाईंनी तिकडे बघितलं नाही. किती वेळ गेला, ते बाईंना सांगता आलं नसतं आणि घड्याळबाईंच्या बाबतीत ही बातमीच होती.

"पहिल्या चाचणीत दोन गणितं होती," मुलगी अखेर वहीकडे बघत बोलली. "मला एक आलं. दुसऱ्या चाचणीत तीन होती. त्यातलंपण एकच आलं. म्हणजे पाचात दोन. तुम्ही माझ्या प्रगतिपत्रकात तसंच लिहिलंय, बाई. पाचपैकी दोन."

बाईंना 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

कारण लिहिलं होतं. त्यांनीच लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने, लाल शाईने.

"पण उत्तर सहात पाच आहे," दाराजवळचा एक जण म्हणाला. "लसावि सहा."

"मग मला पाचात दोन कसे दिले?" मुलगी आता त्याच्याकडे वळून म्हणाली. "सहात पाच द्यायचे होते ना."

वर्ग हसला आणि मग भांडायला लागला. मागचे पुढच्यांशी, खिडकीकडचे दाराकडच्यांशी. कुणी म्हणे ती बरोबर, कुणी म्हणे लसावि बरोबर, एक जण म्हणे दोन्ही बरोबर आणि बाई चूक. त्याला शेजारच्याने चिमटा काढला. बाई मधोमध उभ्या होत्या. उत्तर कुठेतरी होतं, हे त्यांना माहीत होतं. पण सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर जवळ काढून ठेवलेलं नव्हतं. घंटा झाली. फळ्यावर एकच ओळ होती आणि तिच्याखाली एकही रेघ नव्हती.

"मला आत्ता सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "उद्या सांगते."

शिक्षकखोलीत त्यांनी तो प्रश्न सगळ्यांपुढे टाकला. शिबिरसर लगेच म्हणाले, "लसावि काढायचा, विषय संपला."

"विषय संपला, मान्य. प्रश्न संपला का?"

शिबिरसरांनी डब्याच्या झाकणावर चमच्याच्या टोकाने काहीतरी गिरवलं. मग म्हणाले, "मुलांना फार बोलू दिलं की असं होतं." पण त्यांचा चमचा नंतरही बराच वेळ झाकणावरच होता.

उत्तर बाईंना घरी सापडलं, यजमानांच्या फळीपुढे. त्या दिवशी कामाला घेतलेल्या वरच्या दोन जबड्यांपैकी एक आणि खालच्या तीन जबड्यांपैकी एक काम संपवून बाजूला ठेवलेला होता. पाचपैकी दोन झाले होते, यात शंका नाही. पण वरचं 'अर्धं' दोन जबड्यांचं होतं आणि खालचा 'तिसरा हिस्सा' तीन जबड्यांचा. ज्याचे भाग करायचे ते अख्खं तिथे वेगळं, इथे वेगळं. फळ्यावरच्या उदाहरणात ते अख्खं एकच असतं आणि हे त्यांनी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती, कारण त्या स्वतः कधी त्यात अडकल्या नव्हत्या. ज्याला खड्डा लागत नाही, तो खड्ड्याची पाटी कशाला लावेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्गात हे सांगितलं. एकाच मापाच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. एकीचा अर्धा भाग, दुसरीचा तिसरा भाग, आणि दोन्ही तुकडे तिसऱ्या अख्ख्या पट्टीवर मांडून दाखवले. खिडकीजवळच्या मुलीला म्हणाल्या, "तू चुकली नव्हतीस. तू दुसरंच काहीतरी बरोबर मोजलं होतंस." मुलीने पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाली, "मग हे उदाहरण घालताना सांगायचं ना, एकाच पट्टीचं म्हणून." वर्गात दोघी-तिघी खुदकन हसल्या. "सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

वाटायचं ते दुपारी वाटलं. फाइल द्यायची शेवटची वेळ चारची होती.

रेघोट्यासरांनी तिसरा नकाशा आणला होता. त्यात बाईंच्या वर्तुळातून एकच रेघ निघत होती, ती खिडकीकडे, जाड. आणि मग मुलांकडून मुलांकडे, आडव्या, तिरक्या, एकमेकींना कापणाऱ्या इतक्या रेघा, की बाईंचं वर्तुळ गुंत्यात सापडतच नव्हतं. खाली एका कोपऱ्यात त्यांनी एक चेहरा काढला होता : खाली बघणारी मुलगी, कपाळाला एक आठी.

"पहिल्यांदा मिळाली," सर म्हणाले. "विचार करताना."

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी फाइल उघडली, तिन्ही कागद बघितले आणि दार लोटून घेतलं.

"बस. मी तुला आत्ता मुख्याध्यापिका म्हणून नाही सांगत. आपण एकाच वर्षी लागलो म्हणून सांगते. समितीत पाच जण आहेत, त्यातले तीन वर्गात कधी उभे राहिलेले नाहीत. त्यांना काय दिसणार? पहिल्या कागदात पस्तीस मुलं वाऱ्यावर. दुसऱ्यात अडतीस मुकी. तिसऱ्यात चाळीस मिनिटांत एक गणित, तेही अर्धवट, आणि वर्गात गोंधळ. आणि खाली तू स्वतः लिहिलंयस, 'मला उत्तर देता आलं नाही.' हे लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"नाही देता आलं."

"ते मला कळलं गं. ही फाइल अजून माझ्या हातात आहे. पहिले दोन काढ, तिसऱ्यावर त्या पोराकडून चार चांगले शब्द लिहून घे. चारला अजून पंचवीस मिनिटं आहेत. मी काही पाहिलं नाही."

बाईंनी तिन्ही कागद हातात घेतले. बारा वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली नाहीत, तसं काही होत नाही. डोळ्यांपुढे आलं ते विभागप्रमुखाचं कपाट. त्याला खालचा एक खण आहे, तो अडकतो, आणि तो गुडघ्याने कसा उघडायचा हे शाळेत फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांना ते कपाट हवं होतं. खूप हवं होतं.

"प्रमुख झाले तर मी काय करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"इतरांच्या वर्गात बसायचं. त्यांचं काय चुकतंय ते सांगायचं."

"आणि माझं काढून ठेवून त्यांचं सांगू?"

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. "सगळे तेच करतात."

"ते तर आहेच," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद परत फाइलला लावले, पहिला, दुसरा, तिसरा, क्रमाने, आणि फाइलची दोरी बांधली. गाठ नीट बसेना. दोनदा बांधावी लागली.

निकाल आठवड्याने लागला. शिबिरसरांना तीन मतं, घड्याळबाईंना दोन. मोठ्या बाईंनी हळूच सांगितलं की एक सदस्य म्हणाले, बाईंचा प्रामाणिकपणा स्पृहणीय आहे, पण प्रामाणिकपणा आणि गणित हे वेगवेगळे विषय आहेत.

बाईंना वाईट वाटलं नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. रेघोट्यासर कोपऱ्यात उभे होते, पेन्सिलीला टोक करून करून ती अंगठ्याएवढी उरली होती.

"माझ्यामुळे गेलं, बाई."

"तुम्ही रेघा मारल्यात. फाइलला मी लावल्या. उगाच सगळं श्रेय लाटू नका."

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, मिळालं का ते मोठं पद?" बाई 'नाही' म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे. तो मेला समितीवाला काय गणित शिकलाय?" सासू आपल्या बाजूने बोलते म्हणजे प्रकरण फारच वाईट दिसत असणार, हे बाईंनी ओळखलं.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी जिन्यात शिबिरसरांनी त्यांना गाठलं. हातात कपाटाची किल्ली होती, ती या हातातून त्या हातात करत होते.

"बाई, ते पाचात दोन. मी माझ्या सहावीत कागदावर लिहून घेतलं."

"किती?"

"सत्तावीस." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बावीस शिबिरं झाली, बाई. त्यात मी नेहमी पहिल्या रांगेत बसून टिपणं काढली. माझ्या वर्गात मागे बसून मात्र कुणी कधी बघितलं नाही. व्यायामाचे सर बसले, तर त्यांना डुलकी लागली. तुम्ही याल का? फाइलचं काही नाही यात."

बाईंच्या मनात आलं ते उत्तर फार छान होतं, चांगलं झोंबणारं, आणि ते त्यांनी पंधरा दिवस घासून तयार ठेवलं होतं. त्या एक पायरी वर चढल्या, वळल्या, आणि शिबिरसरांच्या तोंडाकडे बघून त्यांना ते देववेना.

"मला नेऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "मला गणित येतं. मी फळ्याकडेच बघत बसेन. रेघोट्यासरांना न्या."

"त्यांना विचारलं. ते म्हणाले, आता बाईंनी शिकायला पाहिजे."

"असं म्हणाला तो?"

"वर म्हणाले, पेन्सिल मी देतो."

तिसऱ्या तासाला बाई शिबिरसरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मांडीवर कागद, त्यावर चौकटी आखलेल्या. सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि बाईंनी सवयीने मनातल्या मनात उत्तर दिलं. दुसरा विचारला, त्याचंही दिलं. मग त्यांनी मुद्दाम मान खाली घातली आणि फळ्याऐवजी समोरच्या पाठी, वेण्या, कोपरं बघायला सुरुवात केली. इथून वर्ग वेगळाच दिसत होता. सरांचा आवाज मागे येईपर्यंत निम्मा झालेला असायचा, आणि समोरच्या रांगेतल्या दोन डोक्यांमुळे फळ्याचा खालचा भाग दिसतच नव्हता.

बाकावर शेजारी एक लहानखुरी मुलगी होती. ती बराच वेळ बाईंकडे, त्यांच्या कागदाकडे आणि पुन्हा बाईंकडे बघत होती. शेवटी तिने तोंडावर हात धरून विचारलं, "बाई, तुम्हालापण येत नाही म्हणून मागे बसवलंय?"

बाईंनी विचार केला. घाईने उत्तर द्यायची सवय मोडायची होती, म्हणून नीट केला.

"थोडं येतं," त्या कुजबुजल्या. "तू सरक जरा तिकडे. इथून मला काही दिसत नाहीये."